सल्ल्याखाली नाव कोणाचं? : सल्लागार संस्थांच्या भागीदारांना खुलं पत्र

सल्लागार संस्थांचे संचालक आणि भागीदार यांस,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही ज्या संचालक मंडळासमोर प्रेझेंटेशन करता, त्यात मी बसत नाही. मंडळानं मान डोलावली की तुमचा अहवाल ज्यांच्या टेबलावर येऊन पडतो आणि ‘आता हे करून दाखवा’ असं ज्यांना सांगितलं जातं, त्यांच्यातला मी एक. खरेदी, साठा, वाहतूक, उत्पादनाचं वेळापत्रक ही माझी रोजची कामं. त्यामुळे तुमच्या व्यवसायातले बरेच अहवाल हाताखालून गेलेत. काहींनी आमचं खरोखर भलं केलं. काही कपाटात गेले. काही कपाटात जायला हवे होते, ते अमलात आले.

अलीकडे या अहवालांत एक बदल जाणवतो. ते लवकर येतात, जाडजूड येतात, भाषा कुठे अडखळत नाही. पण दोन वेगळ्या संस्थांनी दोन वेगळ्या प्रश्नांवर दिलेले अहवाल शेजारी ठेवले, तर कोणता कोणाचा हे मुखपृष्ठावरच्या लोगोवरूनच ओळखावं लागतं. प्रत्येक शिफारशीखाली तीन मुद्दे, प्रत्येक जोखमीला एक उपाय, आणि प्रत्येक उपाय ‘टप्प्याटप्प्यानं’. कुठे काय वापरलं जातंय हे आम्हाला कळतं, कारण तीच साधनं आमच्याही संगणकावर आहेत. तुम्ही एआय वापरता ही माझी तक्रार नाही. वापरलं नाहीत तर का नाही, असं मीच विचारेन. तक्रार ही आहे की यंत्रामुळे जे काम स्वस्त झालं तेच तुम्ही आम्हाला ढिगानं द्यायला लागलात, आणि जे यंत्राला जमत नाही, ज्यासाठी आम्ही तुमच्याकडे येतो, त्यात काटछाट करू लागलात.

तंत्रज्ञान आलं म्हणून सल्ल्याचा धंदा बुडेल, असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. हा धंदा प्रत्येक नव्या यंत्राबरोबर वाढलाच आहे. या व्यवसायातली सर्वांत जुनी मानली जाणारी संस्था आर्थर डी. लिटल आणि रॉजर ग्रिफिन या दोन रसायनतज्ज्ञांनी १८८६ मध्ये बोस्टनला सुरू केली. दुसऱ्या कारखान्यांकडे नसलेली प्रयोगशाळा त्यांच्याकडे होती, तेच त्यांचं भांडवल. कामगारांच्या एकेका हालचालीला लागणारा वेळ मोजून कामाची रीत सुचवणाऱ्या फ्रेडरिक टेलरच्या हातात स्टॉपवॉच होतं. १९५४ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या लुइव्हिलच्या कारखान्यात युनिव्हॅक संगणकावर पगारपत्रक काढायचं ठरलं, तेव्हा ते काम आर्थर अँडरसन या हिशेबतपासणी करणाऱ्या संस्थेच्या माणसांनी बसवून दिलं. त्या संस्थेची सल्ल्याची शाखा पुढे वेगळी झाली आणि २००१ पासून ॲक्सेंचर या नावानं चालते आहे. यंत्र नवं असतं तेव्हा ते कसं वापरायचं हे विचारायला लोक तुमच्याकडे येतात, आणि यंत्र जुनं झालं की त्यावर तुम्ही आमच्यापेक्षा वेगानं काम करता. यात गैर काही नाही.

पण मला महत्त्वाचं वाटतं ते १९७९ साल. डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँक्स्टन यांचा व्हिसिकॅल्क हा स्प्रेडशीटचा, म्हणजे आजच्या एक्सेलसारखा, प्रोग्राम त्या वर्षी ॲपल टू संगणकावर आला. त्याआधी मोठ्या कागदावर रकाने आखून पेन्सिलीनं आकडे मांडायचे, आणि एक गृहीतक बदललं की पुढचे सगळे रकाने खोडून पुन्हा मांडायचे. आता एका चौकटीतला आकडा बदलला की उरलेलं गणित आपोआप हलू लागलं. मागणी दहा टक्क्यांनी घसरली तर? कच्चा माल महिनाभर उशिरा आला तर? असे प्रश्न बैठकीत बसल्या बसल्या विचारता येऊ लागले, आणि उत्तरही तिथंच मिळू लागलं.

मिळू लागलं, पण कोणाला? ती हलणारी शीट तुमच्याकडे राहिली. आम्हाला मिळाला तिचा फोटो, स्लाइडवर चिकटवलेला. चाळीस वर्षं उलटून गेली तरी बहुतेक कामांत हीच रीत आहे: गणित तुमच्या लॅपटॉपवर, आणि आमच्या हातात पीडीएफ. सहा महिन्यांनी एखादं गृहीतक बदलतं, तेव्हा आम्ही स्लाइडवरच्या खांबांची उंची पट्टीनं मोजून मूळ आकडे काढायचा प्रयत्न करतो. (हे विनोदानं म्हणत नाहीये. आमच्या विभागात हे झालेलं आहे.)

गणित उघडं असलं की काय होतं, याचं एक उदाहरण तुमच्यातल्या अनेकांना पाठ असेल. कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या दोन नामवंत अर्थतज्ज्ञांनी २०१० मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. देशाचं कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांपुढे गेलं की विकासाचा वेग एकदम ढासळतो, असा त्याचा निष्कर्ष. सरकारी काटकसरीच्या बाजूनं बोलणाऱ्यांनी तो जगभर उचलून धरला. २०१३ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या थॉमस हर्न्डन या विद्यार्थ्यानं अभ्यासाचा भाग म्हणून तेच गणित पुन्हा करून पाहिलं. जुळेना. त्यानं लेखकांकडे मूळ फाइल मागितली, त्यांनी ती दिली. फाइलमध्ये सरासरीच्या सूत्रानं यादीतले पाच देश धरलेच नव्हते. सूत्राची ओळ मध्येच थांबली होती. निष्कर्ष फिरण्याचं हे एकच कारण नव्हतं, काही वर्षांची आकडेवारी वगळणं आणि देशांना वजन कसं दिलं हेही होतं. दुरुस्त गणितात मोठ्या कर्जाच्या देशांची वाढ उणे ०.१ नव्हे, तर २.२ टक्के निघाली. इतके दिग्गज, इतकी चर्चा, आणि तीन वर्षांनी चूक सापडली ती एका विद्यार्थ्याला, कारण फाइल त्याच्या हातात आली. लेखकांनी ती पाठवली याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. आमच्यासाठी केलेल्या गणिताच्या फाइली किती जणांनी पाहिल्या असतील, आणि त्यांत किती सूत्रं मध्येच थांबली असतील, याचा विचार मी करत बसत नाही. झोप उडते.

आता एआयकडे वळतो. २०२३ मध्ये हार्वर्डसह काही विद्यापीठांच्या संशोधकांनी बोस्टन कन्सल्टिंग ग्रुप या सल्लागार संस्थेच्या ७५८ सल्लागारांवर एक प्रयोग केला. एका गटाला जीपीटी-४ हे एआय दिलं, एका गटाला दिलं नाही. पहिल्या प्रकारच्या कामांत पादत्राणांचं नवं उत्पादन सुचवायचं, त्याची बाजारपेठ मांडायची, जाहिरातीचा मजकूर लिहायचा असलं सगळं होतं. एआय वापरणाऱ्यांनी १२.२ टक्के जास्त कामं उरकली, ती २५.१ टक्के कमी वेळात केली, आणि कामाची प्रत ४० टक्क्यांहून वरचढ ठरली. मुळात ज्यांची कामगिरी सरासरीच्या खाली होती त्यांची ४३ टक्क्यांनी सुधारली, वरच्यांची १७ टक्क्यांनी. तुमच्या विक्री विभागानं हा भाग आम्हाला बऱ्याचदा ऐकवला आहे.

दुसरा भाग मात्र कोणी ऐकवत नाही. त्याच प्रयोगात एक काम मुद्दाम वेगळं रचलं होतं. कंपनीच्या कोणत्या ब्रँडवर भर द्यावा, हे ठरवायचं होतं. सोबत एक आकडेवारीची शीट आणि कंपनीतल्या माणसांच्या मुलाखतींची टिपणं. नुसती शीट पाहिली तर उत्तर स्पष्ट दिसायचं, आणि ते चूक होतं. मुलाखतींत कुठेतरी बोलण्याच्या ओघात आलेला तपशील ते उत्तर उलटवत होता. एआय नसलेल्यांपैकी सुमारे ८४ टक्के जणांचं उत्तर बरोबर आलं. एआय वापरणाऱ्यांत हे प्रमाण सरासरी १९ टक्क्यांच्या अंतरानं घसरलं. ही माणसं निवडून घेतलेली, तरबेज. पण समोर आलेलं उत्तर इतकं नीट मांडलेलं होतं की मुलाखतींची पानं पुन्हा उलटावीत असं त्यांतल्या बऱ्याच जणांना वाटलं नसावं.

ही मुलाखतींची पानं म्हणजेच तुमचा धंदा, असं माझं स्पष्ट मत आहे. आकडे आमच्याकडे असतात, तुमच्यापेक्षा जास्त असतात. आमच्याकडे नसतं ते हे, की आमचीच माणसं आम्हाला जे सांगत नाहीत, ते बाहेरच्या माणसाला सांगतात.

आमच्या सुट्या भागांच्या स्टोअरची गोष्ट सांगतो. सिस्टीममध्ये प्रत्येक भागाला रॅकचा क्रमांक असतो. प्रत्यक्षात बेअरिंग, सील, बेल्ट असला रोज लागणारा माल मागच्या रॅकवर नसायचा, दाराजवळ जमिनीवर पॅलेटवर पडलेला असायचा. मोजणी झाली की तफावत, ऑडिट झालं की शेरा. एकदा तुमच्यातल्याच एका संस्थेचे एक ज्येष्ठ सल्लागार आले. दिवसभर आकडे पाहिले, आणि मग घरी जायचं सोडून दुसऱ्या पाळीला स्टोअरकीपरच्या शेजारी स्टूल टाकून बसले. वही बाहेर काढली नाही. रात्री आठच्या सुमारास त्यांना कळलं की फोर्कलिफ्टची बॅटरी दुसऱ्या पाळीच्या मध्यावर मान टाकते. चार्जिंगला लावली की निम्मी पाळी ती तिथंच. मागच्या रॅकच्या वरच्या कप्प्यातून माल काढायचा कसा? म्हणून स्टोअरकीपर संध्याकाळीच, बॅटरीत जीव असताना, रात्री लागू शकेल तो माल उतरवून दाराजवळ आणून ठेवायचा, म्हणजे रात्री हातगाडीवर काम भागेल. मशीन बंद पडू नये म्हणून त्यानं स्वतःच काढलेली वाट होती ती. त्यानं हे वर कधी सांगितलं नव्हतं, कारण नियमाप्रमाणे ते चूकच होतं. सल्लागारांची शिफारस दोन ओळींची: बॅटरी बदला, आणि सिस्टीममध्ये दाराजवळच्या जागेला एक तात्पुरता क्रमांक द्या. त्या दोन ओळींसाठी दिलेली फी मला कधी जड वाटली नाही.

त्यानंतरच्या कामात दुसरी संस्था आली. म्हणजे आली नाही; सगळं व्हिडिओ कॉलवर झालं. आधी सर्वांना ऑनलाइन फॉर्म, मग अर्ध्या तासाची मुलाखत. कॉल सुरू झाल्यावर स्टोअरकीपरनं स्क्रीनवरच्या नावांत एक अनोळखी नाव पाहिलं आणि विचारलं, “हे कोण आहेत?” पलीकडच्या मुलीनं नम्रपणे सांगितलं की ते नाव माणसाचं नाही, बोलणं टिपून घेणाऱ्या एआयचं आहे, काळजी करू नका. त्यानं काळजी केली नाही. अर्धा तास “सगळं व्यवस्थित आहे, मॅडम” एवढंच वेगवेगळ्या शब्दांत सांगितलं. मुलाखतीचा गोषवारा पाच मिनिटांत तयार झाला, अगदी सुबक. अहवालात वाक्य आलं: ‘साठ्याच्या जागांबाबत शिस्तीचा अभाव, स्कॅनिंग सक्तीचं करावं.’

त्या मुलीचा यात दोष नाही. तिला जे साधन दिलं ते तिनं वापरलं. पण रेकॉर्डिंग चालू आहे म्हटल्यावर माणूस कसा बोलतो, हे तुमच्या संस्थेत कोणालाच माहीत नव्हतं यावर माझा विश्वास बसत नाही. माहीत होतं, पण प्रवासाचा खर्च आणि ज्येष्ठांचे दिवस वाचत होते. तुमचा नफा वाढला. आमच्याकडे स्कॅनर आले.

दूरवरून सल्ला देण्याचे फायदे मी नाकारत नाही. एखाद्या क्षेत्रात आयुष्य घालवलेल्या निवृत्त माणसाशी तासभर फोनवर बोलून हवं ते विचारून घ्यायची सोय आता आहे. १९९८ मध्ये सुरू झालेल्या गर्सन लेहरमन ग्रुपसारख्या संस्थांनी हा तासाच्या हिशेबानं तज्ज्ञ जोडून देण्याचा व्यवसायच उभा केला. पूर्वी त्या एका तासासाठी तुमची अख्खी टीम घ्यावी लागे. (या वाटेनं कंपन्यांची गुपितंही बाहेर गेली आणि अमेरिकेत त्यावरून शिक्षा झाल्या, ते वेगळं प्रकरण.) लहान उद्योगांना, ज्यांना तुमची दारं कधी उघडीच नव्हती, त्यांना आज चॅटबॉटकडून पुरवठादाराशी करार कसा करावा याचा बरा मसुदा मिळतो. आमच्याच कामात पुरवठ्याच्या तीन पर्यायांची प्राथमिक तुलना मी दुपारी बसून करतो. पूर्वी त्यासाठी तुम्हाला बोलवत होतो. यापुढे त्यासाठी बोलावणार नाही, हे तुम्हीही गृहीत धरा.

मग बोलावू कशासाठी? उत्तर चुकलं तर ज्याला गाठता येईल, अशा माणसासाठी.

मायसिनची हकिकत या संदर्भात आठवते. स्टॅनफर्ड विद्यापीठात १९७० च्या दशकात बनवलेली ही संगणक-प्रणाली. रुग्णाची लक्षणं आणि तपासण्या विचारून जंतुसंसर्गावर कोणतं औषध द्यावं ते सुचवायची. १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मेंदूज्वराच्या १० रुग्णांवरचे तिचे आणि डॉक्टरांचे उपचार, कोणी सुचवले हे न सांगता, ८ बाहेरच्या तज्ज्ञांपुढे ठेवले. मायसिनला ६५ टक्के पसंती मिळाली. विद्यापीठातल्या एकाही तज्ज्ञाला त्याहून जास्त नाही. तरी ही प्रणाली रुग्णालयाच्या रोजच्या कामात कधी आली नाही. एकेका रुग्णाची माहिती टाइप करायला लागणारा वेळ हे एक कारण. आणि चुकलं तर जबाबदार कोण, हा प्रश्न दुसरं. पण तिच्यात एक सोय अशी होती जी आजच्या गोडबोल्या साधनांत मला दिसत नाही. तिनं एखादा प्रश्न विचारला की डॉक्टर उलट ‘का?’ असं टाइप करू शकायचा, आणि ती आपण कोणत्या नियमापर्यंत आलो आहोत, त्यासाठी ही माहिती का हवी आहे, हे दाखवायची. ते खरोखरच तिच्या आतलं कारण असायचं. आजच्या भाषायंत्राला ‘का?’ विचारलं तर तेही कारण देतं, भरपूर देतं. पण उत्तर त्याच कारणानं आलं याची खात्री त्यात नसते. उत्तर घडलं एका वाटेनं आणि स्पष्टीकरण लिहिलं गेलं दुसऱ्या वाटेनं, असं होऊ शकतं. अहवालात अशी स्पष्टीकरणं तुमच्या नावानं येतात, तेव्हा ती तुमची आहेत की यंत्राची, हे आम्हाला कळायला मार्ग नाही.

जबाबदारी यंत्रावर ढकलून पाहण्याचा एक प्रयत्न कोर्टाच्या पायरीवर झालेला आहे. आजीच्या निधनानंतर प्रवास करणाऱ्या एका माणसाला एअर कॅनडाच्या चॅटबॉटनं सांगितलं की सवलतीसाठी नंतरही अर्ज करता येईल. कंपनीचा नियम तसा नव्हता. प्रकरण ब्रिटिश कोलंबियाच्या न्यायाधिकरणापुढे गेलं, तेव्हा कंपनीच्या बाजूनं असाही युक्तिवाद झाला की चॅटबॉट हा स्वतंत्र असून त्याच्या बोलण्याला तोच जबाबदार आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायाधिकरणानं हे उडवून लावलं आणि भरपाई द्यायला लावली. तुमच्या क्षेत्रातलं उदाहरण २०२५ चं. ऑस्ट्रेलिया सरकारच्या एका खात्यासाठी तुमच्यातल्या एका बड्या संस्थेनं सुमारे ४ लाख ४० हजार ऑस्ट्रेलियन डॉलरचा अहवाल दिला. त्यात अस्तित्वातच नसलेल्या अभ्यासांचे संदर्भ निघाले, आणि न्यायालयाच्या निकालातला म्हणून दिलेला उतारा त्या निकालात नव्हता. विद्यापीठातल्या एका संशोधकाच्या ते लक्षात आलं. सुधारित अहवालात एआय वापरल्याची कबुली आली, फीचा काही भाग परत गेला. शिफारशी मात्र तशाच राहिल्या, असं संस्थेचं म्हणणं. यावर मी बराच विचार केला. खाली दिलेले आधार खोटे निघाले तरी शिफारशी हलत नसतील, तर त्या आधारांवर उभ्या नव्हत्याच.

तुमच्या अहवालांच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत एक मजकूर असतो: माहिती ग्राहकानं पुरवलेली आहे, आम्ही ती स्वतंत्रपणे पडताळलेली नाही, परिणामांची जबाबदारी आमची नाही. हे पान यंत्र येण्याच्या आधीपासून आहे. तेव्हा ते खपत होतं, कारण समोर माणूस असायचा. फोन केला की उचलायचा, चुकलं असेल तर पुढच्या आठवड्यात येऊन बसायचा, त्याला स्वतःच्या नावाची पडलेली असायची. डॉक्टर चिठ्ठीवर सही करतो, पुलाच्या नकाशावर अभियंत्याची सही असते, हिशेबतपासनीस ताळेबंदावर नाव घालतो. तुमच्या अहवालावर संस्थेचा लोगो असतो. माणसाचं नाव प्रपोजलमध्ये, अनुभवाच्या पानावर, फोटोसकट. शिफारशीच्या पानावर नाही.

अशा अहवालांना आम्हीच मागणी करतो, असं तुम्ही म्हणाल, आणि ते बरंचसं खरं आहे. कैक कंपन्यांना सल्ला नको असतो. आधीच ठरलेल्या निर्णयावर बाहेरचा शिक्का हवा असतो. त्या गिऱ्हाइकांना एआयनं लिहिलेला अहवाल चालेल, किंबहुना तोच बरा. त्यांच्याशी तुमचं काय ते तुम्ही पाहा.

माझी आणखी एक काळजी आहे ती तुमच्याकडच्या मुला-मुलींची. आतापर्यंत आम्ही कुरकुरत त्यांचे पैसे भरले: नुकतीच शिकून आलेली पोरं, रात्ररात्र जागून आकडे साफ करणारी, आमच्याच माणसांना प्राथमिक प्रश्न विचारणारी. हे काम आता यंत्र करतं आणि तुम्ही ज्युनिअरांची भरती आवरती घ्याल, हे उघड आहे. पण स्टूल टाकून बसलेले ते ज्येष्ठ सल्लागार तरी कधीकाळी असेच आकडे साफ करत होते. घाणेरडी आकडेवारी उपसताना माणसाला वास यायला लागतो, की इथं काहीतरी जुळत नाही. १९७०-८० च्या दशकांत मायसिनसारख्या तज्ज्ञ-प्रणाली बांधणाऱ्यांना हेच जड गेलं. ते तज्ज्ञांसमोर बसून त्यांचं ज्ञान नियमांत उतरवायला बघत, आणि तज्ज्ञांना स्वतःला काय येतं तेच सांगता येत नसे. संगणकशास्त्रज्ञ एडवर्ड फायगेनबॉम यांनी ही अडचण त्या क्षेत्रातली मुख्य गाठ म्हणून मांडली होती. जे सांगून उतरवता येत नाही ते शेजारी बसून, चुका करत शिकावं लागतं. तुम्ही खालची पायरी काढून टाकलीत, तर पंधरा वर्षांनी दुसऱ्या पाळीला बसायला कोण येणार? आमच्या कंपनीचं तेव्हा काय होईल हे मला माहीत नाही, पण तुमच्या संस्थेपुढे हा प्रश्न आमच्याआधी उभा राहील.

गुप्ततेबद्दल थोडक्यात. ‘या उद्योगातला आमचा अनुभव’ हे तुम्ही नेहमीच विकत आलात, आणि त्या अनुभवात आमच्या स्पर्धकांची माहिती मिसळलेली असते हे आम्ही समजून होतो. माणसाच्या डोक्यातलं हळूहळू पुसट होतं, म्हणून ते चालून गेलं. मॅकिन्झी या सल्लागार संस्थेनं २०२३ मध्ये ‘लिली’ हे आपलं जुनं ज्ञान धुंडाळणारं एआय साधन आणलं. तसली साधनं आता तुमच्यापैकी बहुतेकांकडे आहेत. त्यात आमचे दर, आमचे पुरवठादार, आमच्या अडचणी कुठपर्यंत पोचतात, काम संपल्यावर काय पुसलं जातं आणि काय राहतं, याचं सरळ उत्तर मला आजवर मिळालेलं नाही. ‘आम्ही सर्व मानकं पाळतो’ हे उत्तर नव्हे.

फीवरून मी वाद घालणार नाही. तासाचे पैसे लावायचे आणि तास यंत्रानं वाचवायचे, हे फार दिवस चालणार नाही हे तुम्हालाही कळतं. त्यावर खरेदी विभाग तुमच्याशी बोलेलच.

आमच्याकडून यापुढे जो करार येईल त्यात काही नवी कलमं असतील, ती इथं आधीच सांगून ठेवतो, म्हणजे नंतर वकिलांमध्ये वेळ जायला नको. गणिताची मूळ फाइल, सूत्रं उघडी ठेवून, अहवालाबरोबर द्यावी लागेल. पीडीएफ दिली म्हणजे काम पूर्ण झालं असं धरणार नाही. प्रत्येक मुख्य शिफारशीखाली ती ज्यानं केली त्या माणसाचं नाव हवं, आणि त्यासाठी तो कुठे, कोणाशी बोलला ते एका ओळीत. सगळ्यांशी कॉलवर बोललात तर तसं लिहा. आम्ही त्यावरून काय समजायचं ते समजू. एआय कुठे वापरलं आणि त्यानं दिलेले संदर्भ कोणी उघडून पाहिले, तेही. आमच्या कामगारांशी आणि सुपरवायझरांशी बोलताना रेकॉर्डिंग नाही, टिपणयंत्र नाही, वही चालेल. टीममध्ये किमान एक ज्युनिअर प्रत्यक्ष जागेवर असेल आणि त्याचे दिवस आम्ही भरू. काम संपल्यावर आमची माहिती तुमच्या साधनांतून काढल्याचं लेखी द्यायचं, सहीसकट.

यातलं कोणतं कलम जमणार नसेल तर ते प्रपोजलबरोबरच कळवा, आणि का जमणार नाही ते तुमच्या शब्दांत लिहा. आणि यामुळे फी वाढणार असेल तर किती वाढेल, तो आकडा कलमनिहाय वेगळा दाखवा. एकत्र आकडा आला तर प्रपोजल परत येईल.

आपला,
अहवाल अमलात आणणाऱ्यांपैकी एक